भाडं थकवणारा पाहिजे

लोटन पाटलाचा बैल हरवला नव्हता. तो नरडाण्याजवळच्या त्याच्या गोठ्यात दावणीला उभा राहून निवांत कडबा खात होता. पण जळगावात व्याह्यांच्या ओट्याशी, भर वैशाखात, घामानं निथळत लोटन उभा राहिला आणि व्याही घाबऱ्या आवाजात म्हणाले, "आबा, तुम्ही? असे न कळवता? घरी सगळी माणसं ठीक ना?" तेव्हा त्याच्या तोंडून निघालं ते एवढंच, "बैल दवडाई गया, नाना. सोधत सोधत आठे उनू."

नरडाण्याहून जळगाव म्हणजे आगगाडीनं अमळनेर, धरणगाव ओलांडून यायचं. एवढ्या लांब कुणाचा बैल चालत येत नाही, आणि तिकीट काढून तर मुळीच येत नाही. पण व्याही भटूनाना हे दुसऱ्याची अडचण दिसली की विचार करायच्या आधी उठणाऱ्यांपैकी होते. त्यांचा कडब्याचा धंदा होता, बायको वारली होती, आणि गल्लीतल्या लग्नात, भांडणात, मयतीत मधोमध उभं राहायची त्यांना सवय होती. त्यांनी टोपी चढवली, लोटनचा दंड धरला आणि गुरांचा बाजार पालथा घातला.

"रंग कोणता?" नानांनी विचारलं.

"तांबडा."

"शिंगं?"

"एक वाकडं शे."

लोटननं आपल्या गोठ्यातल्याच बैलाचं वर्णन केलं, कारण दुसरा बैल त्याला सुचेना. दुपारी कोंडवाड्यात नेमका तसाच एक बैल सापडला. नानांनी दंड भरून तो सोडवायची तयारीही केली. "हाऊ मना नही," असं लोटननं कुळदेवतेची शपथ घेऊन सांगितलं तेव्हा कुठं सुटका झाली. तरी नाना वाटभर म्हणत राहिले, "उन्हानं तुमची नजर फिरली असेल, आबा. तो तुमचाच होता."

या धांदलीत ज्या कामाला तो आला होता ते राहूनच गेलं. ते काम म्हणजे सुंदर, त्याची एकुलती एक लेक. नानांच्या मुलाला, वनाला, तिला दिली त्याला दुसरं वर्ष सरत आलं होतं. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात, आईच्या मांडीवर डोकं ठेवून सासरची गाऱ्हाणी सांगतात. सुंदर दोन्ही आखाज्यांना आली नव्हती. नानांच्या घरात तिच्याखेरीज बाईमाणूस नव्हतं. "ती गेली तर चूल कोण पेटवणार, आबा?" असं नानांनी हात जोडून विचारलं होतं, आणि हात जोडणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही. नाना वाईट असते तर लोटनला फार सोपं गेलं असतं.

सुंदर पदर सावरत दारात आली होती. तिनं पाण्याचा तांब्या ठेवला, सासरा पलीकडं वळलेला पाहून हळूच विचारलं, "आबा, माय कशी शे?" लोटन "बरी शे" म्हणेपर्यंत नाना बैलाची शिंगं विचारायला मध्ये आले. तांब्यातलं पाणी लोटननं पायांवर ओतलं. लेकीच्या मांडीवर मूल खेळेपर्यंत बापानं तिच्या घरी अन्न खायचं नाही, पाणी प्यायचं नाही, ही रीत. ती त्याच्या बापानं पाळली होती, आजानं पाळली होती. त्याच्या घशाला कोरड पडली होती, पण रीत ती रीत. थेट स्टेशनच्या नळावर जाऊन तो ओंजळीनं पाणी प्यायला.

परतीच्या गाडीत त्याच्यासमोर अमळनेरचे एक गृहस्थ बसले होते. जळगावात त्यांचं एक घर होतं, ते त्यांनी भाड्यानं दिलं होतं, आणि त्याबद्दल ते धरणगाव येईपर्यंत रडत होते.

"घर भाड्यानं देऊ नये, पाटील. दर महिन्याला जळगावची खेप. गेलं की भाडेकरू म्हणतो, परवा या. परवा गेलं की म्हणतो, अमावस्या झाल्यावर या. त्याच्या ओट्यावर बसून बसून माझ्या धोतराचा मागचा भाग विरला."

"दर महिनाले जावानंच पडस?" लोटननं विचारलं.

"जावंच लागतं."

"आनि कोनी इचारत नही, काबर उना म्हनी?"

"कोण विचारणार? मालक आहे मी. भाडं वसुलीला मालक येणारच."

ते गृहस्थ पुढं बरंच बोलले, पण लोटनला ऐकू आलं नाही. कापूस धुळ्याला जायचा, मीठ-गूळ नरडाण्याच्या बाजारात मिळायचं, देव घरात होता. जळगावात त्याचं काही कामच नव्हतं, आणि काम नसताना बाप लेकीच्या दारात वरचेवर उभा राहिला तर लोक विचारतात, काय बिनसलं. त्याला जळगावात एखादं काम पाहिजे होतं. ते या गृहस्थांनी त्याला फुकट दिलं होतं.

घरी बायको तानुबाई वाट पाहत बसली होती. "दिखनी का?"

"दिखनी."

"वाळनी का? हातमा बांगड्या व्हत्यात का?"

"बैलना नादमा नीट देखाईच नही."

"कोनता बैल?" असं तानुबाईनं विचारलं, पण उत्तराची वाट पाहिली नाही. ती गोठ्याकडं तोंड करून डोळे पुसत राहिली.

लोटनकडं विहिरीसाठी साठवलेला पैसा होता. त्या उन्हाळ्यात विहीर खोदायची ठरली होती. ती राहिली, आणि जळगावात नानांच्या घरासमोर, जरासं तिरपं, एक दोन खोल्यांचं, मातीच्या सपाट छताचं धाब्याचं घर लोटनच्या नावावर झालं. गावानं त्याला वेड्यात काढलं. शेतकऱ्यानं पाणी सोडून भिंती घेतल्या, असं पारावर बोललं जाऊ लागलं. "भाडानं उत्पन्न येई," असं लोटन तोंड घट्ट करून सांगायचा. खरं कारण सांगितलं असतं तर लोक आणखी हसले असते.

सौदा नानांनीच जमवला. व्याही आपल्या गल्लीत मालक होतात याचा त्यांना केवढा अभिमान. भाडेकरूंच्या बाबतीत तर ते स्वतःला पंडितच समजत. "भाडेकरूचं तोंड बघू नये, आबा, वहाण बघावी. झिजलेली असली तर रोज कामावर जातो. नवी असली तर सावकार चुकवत पळत असणार. आणि त्याच्या बायकोला भांडी घासताना ऐकावं. आपटत असली तर घर टिकत नाही." अशा कसोट्या लावून त्यांनी गिरणीतला फिटर उखा याला निवडला. उखाची वहाण पार झिजली होती. लोटननं समाधानानं मान हलवली, कारण कोणता भाडेकरू चांगला आणि कोणता वाईट याचा त्यानं अजून आपल्या बाजूनं विचार केला नव्हता.

महिना भरला. लोटननं धुतलेलं धोतर काढलं, तानुबाईनं लेकीसाठी ज्वारीचे पापड, बिबडे, बांधून दिले, आणि तो दाराबाहेर पाऊल टाकतो तोच समोर पोस्टमन. उखानं भाडं मनिऑर्डरनं पाठवलं होतं. खेड्यात मनिऑर्डर म्हणजे सोहळा. चार माणसं जमली, ज्यांनी वेड्यात काढलं होतं तीच म्हणू लागली, "आबानं डोकं चालवलं बरं." लोटननं अंगठा उठवला, पैसे घेतले आणि धोतर सोडून पुन्हा मळकं नेसलं. तानुबाईनं बिबडे डब्यात परत ठेवले. त्या दिवशी त्या घरात कुणी धड जेवलं नाही.

दुसऱ्या महिन्याला तेच. मग पहिला पाऊस पडल्यावर लोटननं धाबं गळत असेल म्हणून जळगाव गाठलं. उखा घरीच होता. धाब्यावर नवी खारी माती पसरून, चोपून पक्की केलेली.

"तुम्हाला कशाला तसदी द्यायची, आबा," उखा म्हणाला. "मीच केलं. पैसे नकोत."

"मनिऑर्डरना खर्च बी नको ना भाऊ," लोटन काकुळतीला आला. "मी येसू ना लेवाले."

"तुम्ही म्हाताऱ्या माणसानं एवढ्या लांब यायचं?" उखाला ते ऐकवेना. "त्यापेक्षा मी नानांकडे देत जाईन. कडब्याच्या कामानं ते तिकडं जातातच."

झालं. तेव्हापासून भटूनाना स्वतः भाडं घेऊन लोटनच्या घरी येऊ लागले. व्याही दारात आले म्हणजे शिरा, भजी, पाट-रांगोळी. नाना पोटभर जेवायचे. त्यांना कोणती रीत आडवी येत नव्हती. दाराआडून तानुबाई विचारायची, "सुंदर बरी शे ना?" आणि नाना हात वाळवत म्हणायचे, "सूनबाई अगदी मजेत." त्या एका वाक्यावर तानुबाईला महिना काढावा लागे. नाना गेले की ती लोटनकडं बघायची, आणि विहीरही गेली नि लेकही गेली, हे तिला बोलून दाखवावं लागत नसे.

दिवाळीच्या तोंडावर लोटननं मन घट्ट केलं आणि उखासमोर जाऊन उभा राहिला.

"भाऊ, घर खाली कर."

उखाचं तोंड उतरलं. "माझं काही चुकलं का, आबा?"

"तुनं काहीच चुकत नही, भाऊ," लोटन कळवळून म्हणाला. "तेच ते दुखनं शे."

उखाला त्यातलं काही कळलं नाही, पण मालकाचा शब्द त्याला मोठा. त्यानं दोन दिवसांत दुसरी जागा बघितली, जाताना भिंतींना चुना लावून दिला आणि किल्ली नानांच्या हातात ठेवली. एवढ्या चांगल्या माणसाला घालवल्याचं पाप लोटनला पुढं कितीतरी दिवस बोचत राहिलं.

या वेळी भाडेकरू त्यानं स्वतः शोधला. केळीच्या वखारीत काम करणारा चिंधा जळगावात प्रसिद्ध होता. त्यानं शहरातली बहुतेक घरं आतून बघितली होती आणि एकाही घराचं भाडं पुरतं दिलं नव्हतं. लोटननं त्याला वखारीवरच गाठलं.

"आधीना घरनं भाडं कवय दिधं व्हतं?"

"आठवत नाही, आबा," चिंधा सावधपणे म्हणाला. खोटं बोलून उपयोग नाही हे त्याला ठाऊक होतं.

"मनिऑर्डर करस का?"

"माझ्या बापानंही केली नाही."

"आनि मालक दारमा उना म्हंजे?"

"बसा म्हणतो. पान देतो. पुढच्या महिन्यात या म्हणतो."

"पान देस?" लोटनचा चेहरा उजळला. "कवय येस ऱ्हावाले?"

चिंधानं जन्मात अशी मुलाखत दिली नव्हती. हा म्हातारा पोलिसांचा माणूस असावा असा त्याला बरेच दिवस संशय होता. भटूनानांना ही बातमी कळली तेव्हा ते डोक्याला हात लावून ओट्यावर बसले. "आबा, त्याला घर दिलंत? त्याच्या मागं फिरून तीन मालक म्हातारे झाले."

"होऊ द्या," लोटन म्हणाला. "मी आधीच म्हातारा शे."

चिंधा शब्दाला जागला. महिना भरला, भाडं आलं नाही. आठवडा वर गेला तरी आलं नाही. लोटननं धुतलेलं धोतर नेसलं, तानुबाईनं बिबडे, कुरडया आणि शेंगदाण्याची चिक्की बांधून दिली, आणि भाडं वसूल करायला निघालेला मालक नरडाण्याच्या फलाटावर गाणं गुणगुणत उभा राहिला.

चिंधानं पान दिलं. "पुढच्या महिन्यात बघू, आबा."

"देख ना, घाई काय शे," लोटन म्हणाला आणि ओट्यावर मांडी घालून बसला. घर त्याचं, ओटा त्याचा. वसुलीला आलेला मालक दिवसभर बसला तरी गल्लीत कुणी भुवई उंचावत नाही. चिंधाच्या बायकोनं माठातलं पाणी दिलं. ते तो सुखानं प्यायला, कारण ते त्याच्याच घरचं पाणी होतं. दुपारी नाना आपल्या कडब्याच्या वखारीला गेले तशी सुंदर विरजण मागायच्या निमित्तानं रस्ता ओलांडून आली आणि आतल्या दाराशी भिंतीला टेकून बसली. बाप ओट्यावर, लेक उंबऱ्याच्या आत. मध्ये भिंत. तरी दोघं बोलत राहिली. कपिला गाय व्याली का, काय झालं, चुलतीचं गुडघ्याचं दुखणं, आईनं यंदा कुरडया कुणाकडून घालून घेतल्या. लोटननं गाठोडं आत सरकवलं. सुंदरनं तिथंच एक बिबडा कोरडाच तोंडात टाकला, आणि पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. लोटनला भिंतीपलीकडचं दिसत नव्हतं. पण लेक रडते हे ऐकायला बापाला दिसावं लागत नाही.

ते घर बापाचं. म्हणजे रस्ता ओलांडला की तिचं माहेर होतं. हे दोघांनाही त्याच दुपारी कळलं. संध्याकाळच्या गाडीत लोटनला वाटलं, विहिरीला पाणी लागलं.

दोन महिने असे गेले, सोन्याचे. चिंधा भाडं देत नव्हता आणि लोटन ते मागायला नियमानं जात होता. तानुबाईला आता लेकीच्या बांगड्यांचा रंगसुद्धा माहीत झाला होता. दर खेपेला ती लोटनला सारं पुन्हा पुन्हा सांगायला लावायची, आणि ऐकताना तिचे हात थांबायचे. तिला स्वतःला मात्र जायला जागा नव्हती. भाडं वसूल करायला बायको घेऊन जायची रीत कुठं असते?

पण एक गोष्ट लोटनच्या ध्यानात आली नव्हती. भटूनानांना झोप लागत नव्हती. व्याही म्हाताऱ्या वयात गाडीचे हाल सोसत येतात, एका बुडव्याच्या ओट्यावर भिकाऱ्यासारखे दिवसभर बसतात आणि हात हलवत परत जातात, तेही आपल्या गल्लीत, आपल्या डोळ्यांदेखत. लोक विचारायचे, "नाना, तुमच्या व्याह्यांना कोण बुडवतंय?" शेवटी नानांनी कंबर कसली. सकाळी ते चिंधाच्या ओट्यावर जाऊन बसत. याला दूध घालू नको, असं दूधवाल्याला त्यांनी सांगून ठेवलं, वाण्याला सांगून ठेवलं, वखारीच्या मालकाच्या कानावरही घातलं. चिंधानं आयुष्यात पुष्कळ मालक पचवले होते, पण मालकाचा व्याही ही चीज त्याला नवी होती.

पौषात लोटन उतरला तेव्हा नाना हसतमुखानं स्टेशनवरच हजर. "चला, आबा. आज तुमचे सगळे पैसे मिळणार."

लोटन पाय ओढत त्यांच्या मागं निघाला.

गल्लीत चिंधा हातात पैसे घेऊन उभाच होता, दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. त्यानं पैसे लोटनच्या हातात ठेवले आणि नानांकडं बघून म्हणाला, "आता तरी दूध सुरू करा." नाना तृप्त होऊन तंबाखू आणायला घरात वळले. ते आत गेलेले पाहताच लोटननं पैसे चिंधाच्या खिशात कोंबले.

"ले ना भाऊ. पुढला महिनामा दे."

चिंधा दचकला. "नको, आबा. नाना मारतील."

"मी मालक शे का नाना? मी सांगस ना, नको देऊ."

"आबा, पाया पडतो, भाडं घ्या."

चिंधानं पैसे पुन्हा लोटनच्या हातात दिले आणि तो वखारीच्या दिशेनं पळत सुटला. लोटन धोतर सावरत त्याच्या मागं. पुढं जन्माचा बुडव्या पळतोय आणि मागं भाडं परत द्यायला मालक पळतोय, असं जळगावात कुणी पाहिलं नव्हतं. गल्लीतल्या बाया दारात आल्या. कुणीतरी म्हणालं, चिंधानं पाटलाचे पैसे चोरले; दुसऱ्यानं सांगितलं, पैसे तर पाटलाच्याच हातात आहेत. कोपऱ्यावर चिंधा कडब्याच्या गाडीवर आदळला, आणि लोटन त्याच्या अंगावर. दोघं धडपडून उठले तेव्हा समोर तंबाखूची चंची घेऊन नाना उभे होते.

"आबा," नाना अगदी हळू आवाजात म्हणाले, "हे काय चाललंय?"

खोटं बोलायला या वेळी लोटनला बैल सुचला नाही. धापा टाकत तो गाडीच्या चाकाला टेकला.

"माले भाडं नको, नाना. माले मनी आंडेर, मनी लेक देखाले येवानं ऱ्हास. भाडं भेटी गयं ते मी कसाले येऊ?"

"मग नुसतं यायचं."

"नुसतं उनू व्हतू. तुम्ही बैल सोधाले लई गयात."

नानांनी चंची उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. मग ते काही न बोलता लोटनला स्टेशनवर घेऊन गेले, तिकीट काढून दिलं आणि गाडी हलेपर्यंत फलाटावर उभे राहिले.

त्यानंतरचे दिवस लोटननं कसे काढले ते त्यालाच ठाऊक. भर गल्लीत त्यानं व्याह्यांना खाली पाहायला लावलं होतं. त्याचा राग लेकीवर निघाला तर? तानुबाईनं त्याला बोल लावला नाही, हे तर अधिकच वाईट. माघात नानांचं कार्ड आलं. ते मास्तरांनी वाचून दाखवलं. चिंधा घर सोडून भुसावळला गेला. नवा भाडेकरू ठेवला आहे, माणूस खात्रीचा आहे, मालकानं एकदा येऊन बघून जावं. खात्रीचा हा शब्द ऐकून लोटननं डोळे मिटले. आणखी एक उखा.

तो जळगावला पोहोचला तेव्हा त्याच्या घराच्या ओट्यावर नाना बसले होते, खाली स्वतःची सतरंजी, शेजारी स्वतःचा हुक्का. आत वना खुंटी ठोकत होता. चुलीचा धूर येत होता आणि धुरात सुंदर होती.

"बसा, मालक," नाना म्हणाले. "नवा भाडेकरू मीच. आमच्या घराचं धाबं उतरवून नवं करायचं आहे. लाकडं कुजली. तोवर आम्ही तिघं इथं."

लोटननं समोर पाहिलं. कुजलेल्या धाब्यावर नानांनी गाडीभर कडबा रचून ठेवला होता, आणि धाबं जागचं हललं नव्हतं.

"कवयलोंग?" त्यानं विचारलं.

"आता गवंड्यांचं काय सांगावं, आबा. आज येतो म्हणतात, वर्ष लावतात."

"मंग ऱ्हा ना. व्याहीकडतीन भाडं कोन लेस?"

"असं म्हणू नका," नाना एकदम गंभीर झाले. "फुकट राहिलो तर हे घर तुमच्या लेकीचं झालं. लेकीच्या घरी तुम्ही पाणी पीत नाही. भाडं ठरलं म्हणजे घर तुमचं, माठ तुमचा, चूल तुमची. आम्ही परके. मी चार जाणत्या माणसांना विचारून आलोय." आणि आत वळून ते म्हणाले, "सूनबाई, मालकांना पाणी दे."

सुंदर तांब्या घेऊन आली. लोटननं तो दोन्ही हातांनी धरला. पाणी पायांवर ओतलं नाही. तो ते घटाघटा प्यायला, तांब्या रिकामा करून पुढं केला आणि म्हणाला, "आखो दे." दुपारी तिनं वांग्याचं भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी वाढल्या. लेकीच्या लग्नानंतर पहिल्यांदाच तो तिच्या हातचं खात होता, आणि मध्येच धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होता. भरीत तिखट आहे, असं तो दोनदा म्हणाला. नानांनीही आपल्या ताटाकडं बघत ते कबूल केलं.

निघायच्या वेळी भाड्याची गोष्ट निघालीच. नाना ज्याचे त्याचे पैसे वेळेच्या आधी देणारे, उधारी हा शब्द त्यांच्या घरात कधी आला नव्हता. त्यांनी घसा खाकरला, भिंतीकडं पाहिलं. त्यांचं तोंड लाल झालं होतं.

"आबा, भाड्याचं म्हणजे," ते अडखळले, "या महिन्याला जरा ओढ आहे. तुम्ही पुढच्या आठवड्यात या."

सुंदरनं तोंडाला पदर लावला. लोटननं मालकाला शोभेल असा करडा चेहरा केला. "बरं," तो म्हणाला. "पन पुढला आठवडामा नक्की येसू मी."

घरी पोहोचला तेव्हा तानुबाई दारातच होती.

"नवा भाडेकरूनी भाडं दिधं का?"

"नही दिधं. पुढला आठवडामा या म्हने."

कोण भाडेकरू, कसा, त्यानं काय प्यायला दिलं, काय खाऊ घातलं, हे सगळं लोटननं सांगितलं. तानुबाईनं ते उभ्याउभ्या ऐकलं. मग ती आत गेली, खुंटीवरचं ठेवणीतलं लुगडं काढलं आणि उलगडून झटकलं.

"मंग मी बी येसू," ती म्हणाली. "असा भाडेकरूले एक मानूस पुरत नही."